बॉम जेझूस बॅसिलिका: स्पेनचा संत, वसईचा दगड



३ डिसेंबर जवळ आला की आमच्या कोटरा सुल्तानाबादच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात संत फ्रान्सिस झेवियरचा धडा येतो. गेल्या खेपेला आम्ही मुलांना दोन चित्रे दाखवली. एक होते स्पेनच्या उत्तरेकडील नवार्रा प्रांतातल्या हाविएर किल्ल्याचे, जिथे संताचा जन्म झाला. दुसरे जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेचे, जिथे त्याचा देह विसावला आहे. सातवीतल्या एका मुलाने दोन्ही चित्रे बराच वेळ पाहिली आणि विचारले, "काका, संत स्पेनचा, राजा पोर्तुगालचा. मग हे चर्च आपलं कसं? शाळेत मुलं म्हणतात, तुमचा धर्म बाहेरून आलेला आहे."

त्या वेळी आम्ही घाईने काहीतरी उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही. भोपाळमधली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे तशीही दोन्हीकडून थोडी पाहुणीच. शेजारी विचारतात, "आप लोग महाराष्ट्र से हैं?" आणि महाराष्ट्रात गेलो की नातेवाईक आपल्या हिंदी वळणाच्या मराठीला हसतात. अशा घरातल्या मुलाला "आपलं काय?" हा प्रश्न पडला तर नवल नाही. म्हणून आज त्या बॅसिलिकेचा इतिहास जरा सावकाश सांगत आहोत. २०२४ च्या डिसेंबरात, पवित्र अवशेषांच्या दर्शनाच्या काळात, आपल्यातली काही कुटुंबे गोवा एक्सप्रेसने तिथे जाऊन आली. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलेही यात आहे.

दोन शत्रू, एक खोली

फ्रान्सिसचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा. तेव्हा नवार्रा हे स्वतंत्र, छोटेसे राज्य होते. त्याचे वडील राजदरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. फ्रान्सिस सहा वर्षांचा असताना, १५१२ मध्ये, स्पेनच्या सैन्याने नवार्रा जिंकले. पुढे चार वर्षांनी झेवियर घराण्याच्या किल्ल्याचे बुरूज आणि तटबंदी पाडण्याचा हुकूम आला. ज्या मुलाला आज आपण "स्पेनचा संत" म्हणतो, त्याने आपल्या घराच्या भिंती स्पेनच्याच हुकमाने पडताना पाहिल्या होत्या.

१५२१ मध्ये त्याचे भाऊ नवार्रा परत मिळवण्यासाठी लढले. पाम्पलोना शहराच्या त्या लढाईत समोरच्या, म्हणजे स्पेनच्या बाजूने एक तरुण सरदार लढत होता. तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. त्याचे नाव इग्नेशियस लोयोला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचले आणि त्याचे आयुष्य बदलले, हे आपण सर्व जाणतो. आठ वर्षांनी पॅरिसच्या विद्यापीठात हाच लंगडणारा माणूस फ्रान्सिसच्या खोलीत राहायला आला. फ्रान्सिसला तो सुरुवातीला मुळीच आवडला नाही, आणि का आवडावा? पण १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी ख्रिस्तासाठी व्रत घेतले, त्यात हे दोघेही होते. त्यातूनच येशूसंघ, म्हणजे ज्यांना आपण जेझुइट फादर म्हणतो तो संघ उभा राहिला. १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली.

बॉम जेझूसच्या आत पाऊल टाकल्यावर ही गोष्ट आठवावी. समोरच्या मुख्य वेदीवर इग्नेशियसचा भव्य पुतळा आहे आणि उजव्या हाताच्या बाजूला फ्रान्सिसची समाधी आहे. एकाच्या भावांनी दुसऱ्याविरुद्ध शस्त्र उचलले होते, आणि आज दोघे एकाच छताखाली आहेत. आपल्या धर्मग्रामात दोन घरे एका भिंतीवरून किंवा एका बाकावरून वर्षानुवर्षे बोलत नसतील, तर त्यांनी एकदा या वेदीसमोर उभे राहावे.

घंटा वाजवणारा धर्मशिक्षक

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यात उतरला. तो पोपचा प्रतिनिधी होता, हवे तर वाड्यात राहू शकला असता. तो राहिला इस्पितळात. सकाळी रोग्यांची सेवा, मग तुरुंगातल्या कैद्यांची भेट, आणि नंतर हातात घंटा घेऊन गोव्याच्या गल्ल्यांतून फेरी. घंटा ऐकून मुले, गुलाम, नोकरचाकर गोळा होत आणि तो त्यांना चालीवर प्रार्थना शिकवत असे. आम्हा धर्मशिक्षकांना त्याच्याबद्दल विशेष जवळीक वाटते ती यामुळे. रविवारी मिस्सानंतर पळून जाणाऱ्या मुलांना गोळा करताना आमच्या हातात घंटा नसते एवढाच फरक.

पुढे तो दक्षिणेच्या मोती काढणाऱ्या कोळी समाजात गेला. तिथे तमिळ जाणणाऱ्या माणसांना शेजारी बसवून त्याने क्रुसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि "हे आमच्या स्वर्गातील बापा" या प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि स्वतः तोंडपाठ केल्या. त्याची मातृभाषा स्पॅनिशही नव्हती, ती होती बास्क, डोंगरातल्या थोड्याशा लोकांची. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर तो तापाने गेला, तेव्हा जवळ फक्त एक चिनी ख्रिस्ती सोबती होता. त्याने नंतर सांगितले की शेवटी फादर आपल्याला न समजणाऱ्या एका भाषेत बोलत होते. ती भाषा बास्कच असावी, असे अभ्यासक मानतात. जगभर दुसऱ्यांच्या भाषा शिकत फिरलेला माणूस शेवटच्या घटकेला देवाशी आईच्या भाषेत बोलला.

त्याचा देह आधी मलाक्काला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्याला आला. १२ मार्च १६२२ रोजी त्याला संतपद मिळाले, तेही इग्नेशियसबरोबर एकाच दिवशी.

चर्च कोणी बांधले, कशाने बांधले?

बॉम जेझूसचे बांधकाम २४ नोव्हेंबर १५९४ रोजी सुरू झाले. बांधकामासाठीचा पैसा मुख्यतः कोचीनचा कप्तान दों जेरोनिमो मास्कारेन्यस याने मृत्यूपत्रात ठेवला होता. त्याचे स्मारक आजही चर्चच्या मध्यभागी भिंतीजवळ आहे, प्रवचनपीठाच्या समोर. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेयशो दे मेनेझिस यांनी चर्चचे पवित्रीकरण केले.

या तारखा लक्षात घ्या. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्याच राजांकडे होते. चर्चचा पाया घातला तेव्हा गोव्यावर नाव चालत होते स्पेनचा राजा दुसरा फिलीप याचे, आणि पवित्रीकरण झाले ते त्याच्या मुलाच्या काळात. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचे अर्धे बरोबर होते: संत नवार्राचा, राजा स्पेनचा, राज्यकारभार पोर्तुगीजांचा.

आता दगड पाहू. चर्चच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. कोकणातल्या आपल्या आजोळच्या विहिरी आणि घरे ज्या तांबड्या चिऱ्यांची असतात, तोच हा दगड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. मग दर्शनी भागाचे खांब, चौकटी, कोरीव पट्ट्या कशाच्या? त्या आहेत काळ्या बेसॉल्टच्या. आणि हा काळा दगड समुद्रमार्गे आणला होता वसईहून!

आम्ही बॅसिलिकेसमोर उभे असताना आमच्यातल्या एका आजींना हे सांगितले. त्यांचे माहेर वसईचे. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे गेल्या, खालच्या काळ्या खांबावर हात ठेवला आणि क्रुसाची खूण केली.

वसईचा किनारा १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात, वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात. फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेला होता. किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून उभा आहे. तो पाहून गोव्याला गेलात तर दोन्ही एकाच घरातली भावंडे वाटतात.

आणखी एक गोष्ट. वसईचा दगड गोव्यात चढवला जात होता, त्याच वर्षांत वसईचा एक मुलगा जपानमध्ये होता. संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट फादरांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारी झाला आणि शेवटी मनिलात स्पेनच्या फ्रान्सिस्कन बंधूंच्या संघात दाखल झाला. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे तो त्यांचा दुभाषा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले, त्यात गोन्सालो होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. एक नवार्राहून आपल्याकडे आला, एक आपल्याकडून जपानला गेला. श्रद्धा एकाच दिशेने प्रवास करत नाही, हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

आत गेल्यावर

बाहेरून पाहिले तर दर्शनी भागावर जुळे मनोरे नाहीत. मनोरा मागच्या बाजूला आहे. खाली तीन दरवाजे, वर खिडक्यांचे मजले आणि सर्वांत वर चौकटीत कोरलेली तीन अक्षरे, येशूच्या पवित्र नावाची. हेच येशूसंघाचे बोधचिन्ह. चर्च १८३ फूट लांब आणि ५५ फूट रुंद आहे. मधे खांबांच्या रांगा नाहीत, एकच मोठे दालन आहे. रोममधल्या जेझुइटांच्या मुख्य चर्चची हीच पद्धत. कारण साधे आहे: प्रवचन सर्वांना ऐकू यावे आणि वेदी सर्वांना दिसावी, कोणी खांबाआड राहू नये.

मुख्य वेदी सोन्याच्या मुलाम्याने झगमगते. सर्वांत खाली बाळ येशूची लहानशी मूर्ती, ज्याच्या नावाने हे चर्च आहे. बॉम जेझूस म्हणजे चांगला, प्रेमळ येशू. त्याच्या वर इग्नेशियस आणि त्याची नजर वरच्या सूर्यासारख्या वर्तुळातल्या येशूच्या नावाकडे. अगदी वर पवित्र त्रैक्य. एवढ्या मोठ्या वेदीत सगळ्यांत लहान मूर्ती घराच्या धन्याची आहे, हे पाहून आम्हाला बेथलेहेमचा गोठा आठवला.

उजवीकडे संताची समाधी. ती दोन देशांच्या हातांनी घडली आहे. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी घडवली, तिच्यावर संताच्या जीवनातले प्रसंग आहेत. ती करवून घेणारे इटालियन फादर मार्सेलो मास्त्रिली त्याच वर्षी, १६३७ मध्ये, नागासाकीत हुतात्मा झाले. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाचा ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने भेट दिला. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने तो दहा वर्षे खपून केला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. ड्यूकला याच्या बदल्यात काय मिळाले होते? संताच्या डोक्याखालची उशी.

आम्ही गेलो तेव्हा अवशेष दर्शनासाठी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेलेले होते. तिकडे लांबच लांब रांग आणि इकडे बॅसिलिकेत त्या मानाने शांतता. रांगेत आमच्या पुढे कारवारकडचे एक हिंदू कुटुंब होते. त्यांच्या घरी तीन पिढ्या नवस बोलला जातो "गोंयच्या सायबा"ला, म्हणजे गोव्याच्या धन्याला. त्यांना कोणी विचारले नव्हते की हा संत कुठला.

जे लपवू नये

इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. १५४६ मध्ये फ्रान्सिसने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापावे अशी मागणी केली होती. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, ते सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांवर आणि ज्यू वंशाच्या माणसांवर त्याने फार अन्याय केले. १६८४ मध्ये तर स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज बोलावी असे फर्मान निघाले. आपल्या मुलांना हे शाळेत कधीतरी कोणीतरी सांगणारच. ते आमच्याकडून आधी कळावे असे आम्हाला वाटते.

संत म्हणजे चूक न करणारा माणूस नव्हे. रोग्यांच्या जखमा धुणाऱ्या हातानेच ते पत्र लिहिले, दोन्ही खरे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० सालच्या महोत्सवी वर्षात सेंट पीटर्स बॅसिलिकेत, सत्याच्या नावाने ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या जुलमाबद्दल देवाची क्षमा मागितली. तो दिवस होता १२ मार्च, फ्रान्सिसच्या संतपदाचाच दिवस. जुळणी योगायोगाची असेल, पण आम्ही ती मनात जपून ठेवली आहे.

आणि त्याच गोव्यात दुसरी वाटही होती. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ पासून इथे राहिले, मराठी शिकले आणि ओवीत "ख्रिस्तपुराण" लिहिले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. बॅसिलिका उभी राहत होती तेव्हा मराठीतही एक मंदिर उभे राहत होते. फर्मान काढणारे गेले, ओवी राहिली.

गिलावा गेलेली भिंत

आज बॉम जेझूस तांबडी दिसते आणि पर्यटकांना ती तशीच आवडते. पण बांधणाऱ्यांनी ती तशी ठेवली नव्हती. बाहेरच्या भिंतींना चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला, जुना दगड दिसावा म्हणून. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट जांभ्यावर पडतो आहे आणि तो पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर आहे. दगड झिजतो, खपल्या निघतात, ओल आत शिरते. गिलावा पुन्हा द्यावा अशी मागणी चर्चमधूनच जाहीरपणे झाली आहे. दुसरीकडे, सगळ्या जगाच्या ओळखीचे झालेले रूप बदलू नये असे म्हणणारेही आहेत. १९८६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे निर्णय एकट्या धर्मग्रामाचा नाही.

थोड्याच अंतरावर संत ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत. ते चर्च बॉम जेझूसहून लहान नव्हते. १८३५ मध्ये धर्मसंघांना बाहेर काढल्यावर ते ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. आता एका मनोऱ्याचा सुमारे ४६ मीटर उंच तुकडा उरला आहे. बॉम जेझूसचे जेझुइट फादर तर त्याच्याही आधी, १७५९ मध्ये, हद्दपार झाले होते. मग ते का टिकले? कारण लोक यायचे थांबले नाहीत. कोणीतरी दिवा लावत राहिले, कोणीतरी केरवारा करत राहिले, कोणीतरी कौले बदलत राहिले.

बंधू-भगिनींनो, आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. चर्च आपले होते ते आणणाऱ्याच्या देशावरून ठरत नाही, आणि राजाच्या नावावरूनही नाही. ते ज्यांच्या जमिनीच्या दगडाने उभे राहिले, ज्यांच्या हातांनी घडले आणि ज्यांच्या पायांनी आजवर झिजले, त्यांचे होते. संत पेत्र आपल्या पत्रात आपल्यालाच जिवंत दगड म्हणतो. मग आपला गिलावा कोणता? आम्हाला वाटते, घरातली संध्याकाळची प्रार्थना. चुन्याचा हात दरवर्षी द्यावा लागतो, एकदा देऊन भागत नाही. आपल्या घरांत आजी गेल्या आणि मराठी रोझरीही गेली, असे किती ठिकाणी झाले आहे! मुले हिंदीत प्रार्थना करतात, ती देव ऐकतोच. पण आजीची भाषा आपण आपल्या हाताने खरवडून काढू नये.

म्हणून येत्या ३ डिसेंबरला एक लहानशी विनंती. त्या संध्याकाळी प्रत्येक घराने एक प्रार्थना मराठीत म्हणावी, मुलांकडून पाठ करून घ्यावी, आणि जवळ राहणाऱ्या एका एकट्या माणसाला त्यासाठी घरी बोलवावे. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याने "हे आमच्या स्वर्गातील बापा" अर्धे पाठ केले आहे. अडखळतो, पण "काका, पुढचं सांगू नका, मला आठवू द्या" असे म्हणतो.

हे प्रभू येशू, तू फ्रान्सिसला त्याच्या पडलेल्या घरातून उठवून आमच्या दारी आणलेस. आमच्या पूर्वजांनी तुझ्या नावाने सोसलेले दुःख आणि तुझ्या नावाने दुसऱ्यांना दिलेले दुःख, दोन्ही आम्ही तुझ्या पायाशी ठेवतो. आम्हाला पावसात टिकणाऱ्या भिंतीसारखे कर आणि एकमेकांना धरून उभे राहायला शिकव. आमेन.